डाव्या हाताचं अक्षर

जगात विश्वास ठेवावा अशी एकही गोष्ट नाही असं ठामपणे मानणारा, आणि त्या स्वतःच्या मतावरही पुरता विश्वास नसणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, तो म्हणजे सिल्वासाच्या आमच्या मराठी शाळेतले विज्ञानाचे सर. साक्षात परमेश्वर त्यांच्यासमोर प्रकट होऊन "वत्सा, काय हवं ते माग" म्हणाला असता, तर सरांनी आधी चष्मा पुसला असता, देवाला पायांपासून मुकुटापर्यंत न्याहाळलं असतं आणि विचारलं असतं, "तुम्हाला माझ्याकडे पाठवलं कोणी?" मी देवरुखहून नोकरीसाठी तिथे गेले तेव्हा पंचवीस वर्षांची होते. पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत वयाने मोठे म्हणून त्यांना वाकून नमस्कार केला. आशीर्वाद राहिला बाजूला, सरांनी माझ्या डोक्यावरून हेडसरांकडे बघून विचारलं, "या बाई एवढा वाकून नमस्कार का करतायत? यांना माझा कुठला तास हवाय?" आता लाज वाटते सांगायला, पण मला खरोखरच त्यांचा शनिवारचा शेवटचा तास बदलून हवा होता. तेव्हापासून मी त्यांना जरा दबकूनच असायची.

संशय घ्यायला त्यांना माणूसच लागायचा असं नाही. प्रयोगशाळेतला दुग्धमापक रोज सकाळी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायचा. अथालला त्यांच्या घरी दूध घालणारा गवळी त्या काचेच्या नळीला इतका घाबरायचा, की एकदा त्याने रडकुंडीला येऊन "साहेब, म्हशीलाच विचारा" असं सांगितलं. सर खरंच गोठ्यात जाऊन आले. घराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढायचे, पुलापर्यंत चालत यायचे, परत जायचे, पुन्हा तीनदा ओढायचे. वापीला जायचं असलं की स्टँडवर आधी कंडक्टरला विचारणार, "वापी ना?" मग ड्रायव्हरला. दोघं हो म्हणाले तरी सर चढायचे नाहीत. "दोघं एकाच डेपोचे, एकमेकांना सांभाळून घेतात. तिसरा साक्षीदार पाहिजे," म्हणायचे, आणि खिडकीतल्या एखाद्या भाजीवाल्या मावशीला विचारूनच पाय उचलायचे. सिल्वासात राहणाऱ्या माणसाकडे पाहुणे फार येतात, का येतात ते पलीकडच्या दारूबंदीच्या कोरड्या मुलखातल्या माणसांना वेगळं सांगायला नको. सरांनी तर स्वतःच्या सख्ख्या मेहुण्याला दारातच विचारलं होतं, "तू माझ्याकडे आलायस की सिल्वासाला आलायस?" मेहुणा बिचारा जपमाळ ओढणारा माणूस. पण सरांनी त्याची पिशवी हुंगल्याशिवाय त्याला आत घेतलं नाही. प्रयोगशाळेत एक सांगाडा टांगलेला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आणि सुट्टीनंतर सर त्याची हाडं मोजायचे, कारण एका वर्षी त्यांना एक बरगडी कमी वाटली होती.

पण त्यांची खरी करामत अक्षरात होती. वह्या तपासण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती, आणि शाळेतल्या झाडून सगळ्या मुलांचं अक्षर त्यांना चेहऱ्यासारखं पाठ होतं. भिंतीवर कोळशाने काही लिहिलेलं दिसलं की सर दोन मिनिटं त्याच्यासमोर उभे राहायचे आणि सरळ जाऊन नेमक्या मुलाचा कान धरायचे. एकदा हेडसरांविरुद्ध वरच्या कार्यालयात एक निनावी अर्ज गेला. तिथून तोच अर्ज चौकशीला आला. सरांनी तो कागद उजेडात धरला आणि म्हणाले, "कवायतीचे सर आहेत. सही गाळली, शाई बदलली, पण ओळ संपत आली की शब्द खाली घसरतो. माणूस हात बदलेल, हाताची खोड कशी बदलेल?" कवायतीचे सर त्या दिवसापासून सगळं टाइप करून आणायला लागले. मुलांमध्ये तर अशी समजूत होती, की सरांनी नुसता पेन हुंगला तरी त्यांना कळतं तो कोणाचा आहे.

अशा माणसाच्या हातात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एक परिपत्रक पडलं. आठवी ते दहावीच्या मुलामुलींना वयात येताना होणारे बदल, आरोग्य, प्रजनन आणि तेव्हा नव्यानेच ऐकू येणारा एड्स, यांची शास्त्रीय माहिती देणारे पाठ शाळेनेच तयार करून घ्यावेत, असा त्याचा सारांश. हेडसरांनी ते परिपत्रक जळत्या निखाऱ्यासारखं दोन बोटांत धरून आणलं आणि आमच्या टेबलावर टाकलं. "सर, तुम्ही विज्ञानाचे. बाई, तुम्ही बाई," म्हणाले. एवढ्या पात्रतेवर आमची समिती नेमली गेली. सरांनी परिपत्रक तीनदा वाचलं आणि लाल पेन काढून खुणा केल्या. "बाई, 'पाठ घ्या' हे सांगायला एक ओळ पुरते. यात 'योग्य ती दक्षता घ्यावी' हे चार ठिकाणी आहे. म्हणजे उद्या पालक आले ओरडत, की वरचे म्हणणार, आम्ही दक्षता घ्यायला सांगितली होती. फास आहे हा. आपल्या मापाचा."

मी म्हटलं, "सर, पण पाठ तर तयार करायला हवेत ना?"

"करू. पण साक्षीदार ठेवून."

झालं! रोज शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत आम्ही दोघं बसायचो ते दार सताड उघडं ठेवून, आणि उंबऱ्यावर शिपाईकाका. ते या मातीतले वारली, साठीला आलेले, कमी बोलणारे. विषय काय आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण आम्ही दोघं पाऊण पाऊण तास एकमेकांकडे न बघता खिडकीकडे बघून बोलतो म्हणजे काहीतरी भानगड आहे, एवढं त्यांनी ओळखलं होतं. तसं पाहिलं तर हा विषय सरांना नवा नव्हता. प्रजननाचा धडा पुस्तकात होताच. पण पंचवीस वर्षं सर जास्वंदीचं फूल कापून दाखवायचे, मग बेडकापर्यंत यायचे, आणि बेडकाच्या पुढे "बाकीचं घरी वाचा, दोनच मार्कांना येतं" म्हणून फळा पुसायचे. मला तरी कोणी काय सांगितलं होतं? आमच्या घरी कावळा शिवला की कोपऱ्यात चटई टाकून बसायचं, एवढंच माझं शिक्षण. त्यामुळे आमच्या योजनेची पहिली यादी अशी झाली: पाठ पहिला, वाढ. पाठ दुसरा, आणखी वाढ. पाठ तिसरा, स्वच्छता. पाठ चौथा, रक्तातून पसरणारे रोग. आणि मुलींच्या पाळीचा जो पाठ होता, तो सगळ्यांत शेवटी. त्याचं नाव काय द्यावं यावर आम्ही दोघं इतका वेळ गप्प बसलो की शिपाईकाका उठून पाणी पिऊन आले. शेवटी सरांनी लिहिलं, "पाठ पाचवा: इतर." मी मान डोलावली. हो, मी मराठीची बाई, शब्दांवर पोट भरणारी, आणि मी मान डोलावली.

सर सराव करायचे तो सांगाड्यासमोर. मी बाहेरच्या बाकावर बसून ऐकायची. हातात पट्टी घेऊन "मुलांनो, या वयात शरीरात काही बदल घडतात" इथपर्यंत आवाज खणखणीत, आणि मग एकदम आगगाडी बोगद्यात शिरल्यासारखं काहीतरी पुटपुटणं. बाहेर आले की घाम पुसत म्हणायचे, "बरं आहे, या गृहस्थाकडे शिकवण्यासारखं काही शिल्लकच नाही. जिवंत वर्गाचं काय करायचं?"

आणि याच दिवसांत सरांचा संशय बसला तो सरलावर.

सरला आठवी ब मधली. बाप खानदेशातून आलेला, जवळच्या सायली गावात सुताच्या कारखान्यात पाळीवर. आई गावी, धाकट्या भावंडांना आणि म्हाताऱ्या सासूला सांभाळत. चाळीतल्या एका खोलीत बापलेक दोघंच. पोरगी सकाळी भाकऱ्या करून शाळेत यायची, कामगारांच्या पोरांशी हिंदी, दुकानदाराशी गुजराती आणि माझ्याशी अगदी पुस्तकी मराठी बोलायची. अक्षर मोत्यासारखं. कागद केवढाही असो, डावीकडे एक बोट समास सोडल्याशिवाय तिचं पान सुरू व्हायचं नाही. तर ही सरला दिवाळीनंतर दर महिन्याला चार-चार दिवस गैरहजर राहायला लागली. घरी विचारलं तर बाप म्हणायचा, दप्तर घेऊन निघाली होती. म्हणजे घरीही नाही आणि शाळेतही नाही! सरांच्या नाकपुड्या फुलल्या. त्यांनी आलेखाच्या कागदावर तिची हजेरी काढली, गैरहजेरीच्या जागी लाल चौकोन, आणि तो कागद माझ्यासमोर पसरला.

"बघा. दर अठ्ठावीस-एकोणतीस दिवसांनी चार दिवस. एकदाही चूक नाही. हा कट आहे, बाई."

मी त्या कागदाकडे बघितलं आणि मला तत्क्षणी कळलं. कोणत्याही बाईला कळलं असतं. समोर पाचव्या पाठाची वही उघडी पडलेली, आणि तिच्याच शेजारी हे लाल चौकोन. माझे कान तापले. मी एवढंच म्हणू शकले, "सर, तिची तब्येत बरी नसेल."

"चार दिवस आजारी? तेही दर महिन्याला, ठरल्या वेळी? बाई, आजार एवढा वक्तशीर नसतो. वक्तशीर असतो तो लबाड माणूस. दादऱ्याच्या वनगंगा बागेत शूटिंग असतं. पोरगी तिकडे जाते."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. पण समोर पन्नाशीचा पुरुष आणि उंबऱ्यावर शिपाईकाका. "असेल," म्हटलं मी, आणि निबंधांच्या वह्या पुढे ओढल्या. माझ्या त्या "असेल"ची मला आजही चीड येते.

पुढच्या वेळी सरला गैरहजर राहिली त्या दिवशी सरांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि छत्री, टोपी, दुग्धमापक अशा जय्यत तयारीने ते दादऱ्याच्या बागेत जाऊन झाडामागे बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. शूटिंग कसलं आणि काय कसलं, नुसती बदकं. तिसऱ्या दिवशी बागेचा राखणदार काठी आपटत आला. "काका, तमे अहीं रोज शुं करो छो?" सरांनी सांगितलं, मी एका मुलीवर नजर ठेवून आहे. यापेक्षा वाईट उत्तर शोधूनसुद्धा सापडलं नसतं. राखणदाराने त्यांना थेट फाटकाबाहेर काढलं आणि पुन्हा दिसलात तर बघा म्हणाला. शाळेत येऊन सर मला म्हणाले, "त्या माणसाने माझ्यावर संशय घेतला, बाई! माझ्यावर!" आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना नाण्याची दुसरी बाजू दिसली असावी. दोन दिवस जेवले नव्हते म्हणे.

तरी त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. डिसेंबरात एक ताकीदपत्र गेलं होतं, जानेवारीत दुसरं गेलं. तिसऱ्याला नाव कमी करायचं, असा आमच्या शाळेचा शिरस्ता. दुसऱ्या पत्राला सरलाचा बाप आला, पाळी संपवून, केसांत सुताची पांढरी लव घेऊन. हात जोडून उभा राहिला.

"मी तं तिले रोज धाडतो, सर. मी पाळीले गेलो का ती कुठं जाते, मले काय ठाऊक? तुमी म्हणता बुडवते, तं बुडवत आसंल. आता आजून एक चिठ्ठी आली, का तिले गावाले धाडतो मामाकडं. मामा स्थळ पाहूनच बसलाय. मग कसली शाळा!"

त्याचा राग नव्हता तो, भीती होती. परमुलखात, एकटा बाप, वयात आलेली पोर. तो गेल्यावर मी सरलाला व्हरांड्यात गाठलं. "काही दुखतंखुपतं का गं?" विचारलं. तिने डोळे वर केले, क्षणभर वाटलं बोलेल, आणि तेवढ्यात तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. खांबाआड सर उभे होते, हातात हजेरीपट. "नाही बाई," म्हणाली आणि पळाली.

इकडे योजनेत प्रश्नपेटीची सूचना होती. मुलांनी मनातल्या शंका नाव न घालता लिहून टाकायच्या, शिक्षकांनी उत्तरं फलकावर लावायची. लाकडी पेटी करून घेतली, कुलूप लावलं, किल्ली सरांकडे. आठवडाभराने उघडली तर आत एक मेलेली माशी. दुसऱ्या आठवड्यात तर तीही नाही. कोण टाकणार हो चिठ्ठी? ज्याच्या भीतीने कवायतीचे सर टाइपरायटर शोधत फिरायचे, त्याच्याच हातात किल्ली! सरांनी रिकाम्या पेटीत बराच वेळ डोकं घातलं. मला वाटलं, आता पोरांना कोणाची तरी फूस आहे असं काहीतरी काढतील. पण ते डोकं वर काढून म्हणाले, "बाई, मुलांचं बरोबर आहे. चिठ्ठी हातात आली की मी अक्षर ओळखणार. मला राहवणारच नाही. माझा मलाच भरवसा नाही."

दुसऱ्या दिवशी वर्गावर जाऊन त्यांनी हुकूम सोडला. "सगळ्यांनी डाव्या हाताने लिहायचं. डावखुऱ्यांनी उजव्याने. ज्याला प्रश्न नाही त्याने 'प्रश्न नाही' असं लिहून टाकायचं, म्हणजे कोणी प्रश्न टाकला आणि कोणी नाही हे कळणार नाही. कोरा कागद चालणार नाही. कोरा कागद टाकणाऱ्यावर माझा संशय राहील." मुलं इतकी हसली की तास बुडाला. पण पेटी भरली, तुडुंब भरली.

संध्याकाळी प्रयोगशाळेत आम्ही त्या चिठ्ठ्या उलगडत बसलो. कोंबडीने पायाने लिहिल्यासारखी अक्षरं. "मिशी कधी येते?" "माझा आवाज फाटला आहे, असाच राहणार का?" "एड्स डास चावून होतो का?" "मुलीशी बोललं तर काही होतं का?" एकाने लिहिलं होतं, "सरांना हे सगळं लग्नाआधी माहीत होतं का?" सरांनी ती चिठ्ठी नीट घडी करून खिशात ठेवली. "याचं उत्तर फलकावर लावायचं नाही," म्हणाले, आणि मला हसू आवरेना. तेवढ्यात त्यांनी पुढची उलगडली, वाचली, आणि माझ्याकडे सरकवली.

"दर महिन्याला रक्त जातं. पोटात फार दुखतं. आई इथे नाही. बाबांना सांगितलं तर ते घाबरतील. मला मोठा आजार झाला आहे. मी दहावीपर्यंत जगेन का?"

एवढीशी चिठ्ठी, वेडीवाकडी अक्षरं, पण डावीकडे एक बोट समास सोडलेला होता. अख्ख्या शाळेत असा समास सोडणारी मुलगी एकच, हे मला ठाऊक होतं. सरांना ठाऊक नसणं शक्यच नव्हतं.

ते उठले, कपाटातून तो आलेखाचा कागद काढून आणला आणि चिठ्ठीशेजारी ठेवला. लाल चौकोन एकेक करून बोटाने मोजले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हा कागद मी तुम्हाला दाखवला होता."

"हो."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"हो सर."

"मग बोलला का नाहीत?"

माझे डोळे भरून आले. "कशी बोलणार? तुम्ही सर."

"हं," म्हणाले. "आणि मी विज्ञान शिकवतो. अठ्ठावीस दिवसांचा आलेख काढला, आणि बदकं बघत बसलो."

त्यांनी स्पिरिटचा दिवा पेटवला, चिठ्ठी चिमट्यात धरली आणि जाळून टाकली. मागोमाग आलेखही. मी उगाचच विचारलं, "सर, अक्षर कोणाचं होतं?"

"डाव्या हाताचं," ते म्हणाले आणि दिवा विझवला.

मग वही ओढून पाचव्या पाठावरचं "इतर" लाल शाईने खोडलं, ठळक अक्षरांत "मासिक पाळी" लिहिलं आणि समोरचा आकडा पाच होता तिथे एक केला. "आलेखाप्रमाणे सोमवारी," एवढंच म्हणाले. मला समजलं. सोमवारी सरला गैरहजर राहिली की तिसरं पत्र, पत्र गेलं की मामा. हातात फक्त शनिवार होता. हेडसर म्हणाले, तपासणी होऊ द्या, पालकांची सभा होऊ द्या, मग बघू. ज्या माणसाने लेखी आदेशाशिवाय कधी खडूचा खोका फोडला नव्हता, तो माणूस म्हणाला, "पाठ शनिवारी होईल. काय व्हायचं ते माझ्या नावावर होऊ दे."  हेडसरांनी नंतर मला हळूच विचारलं, "यांना ताप तर नाही ना?"

शनिवारी मुलांना मैदानावर पिटाळलं आणि आठवी ते दहावीच्या मुली एका वर्गात बसवल्या. मुलींचा पाठ घेणार मी. सर बाहेर दारावर पहाऱ्याला, कोणी चोरून ऐकू नये म्हणून. चोरून ऐकणारा त्या व्हरांड्यात एकच माणूस होता, तो म्हणजे पहारेकरी. मी फळ्यापाशी उभी राहिले, घसा खाकरला, "मुलींनो, या वयात शरीरात काही बदल घडतात," म्हटलं, आणि माझी गाडी सरांच्याच बोगद्यात शिरली. ओठ हलत होते, शब्द मलाच ऐकू येत नव्हते. पुढच्या बाकावरच्या मुली तोंडाला ओढणी लावून खुसखुसायला लागल्या. तेवढ्यात बंद दारातून खणखणीत आवाज आला, "बाई, आवाज येत नाही! शेवटच्या बाकापर्यंत गेला पाहिजे!"

मला आधी राग आला, मग कसलं तरी बळ आलं. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत शब्द लिहिला आणि मोठ्याने वाचला. मग सांगत सुटले. का येते, कशी येते, काय वापरायचं, कसं धुवायचं, उन्हात का वाळवायचं, पोटात दुखलं तर काय करायचं. हा आजार नाही, हा विटाळही नाही, यात लपवण्यासारखं काही नाही, हे तर मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा बहुतेक मी माझं मलाच सांगत होते.  मधल्या रांगेतून एक हात वर आला. सरला.

"बाई, हे सगळ्यांना होतं?"

"सगळ्यांना."

"यानं कोणी मरत नाही?"

"नाही गं बाळा. कोणी मरत नाही."

"तुम्हाला पण होतं?"

बाहेर कोणीतरी खोकलं आणि चपलांचा आवाज भराभर व्हरांड्याच्या पार टोकाला गेला.

"मला पण," मी म्हटलं. सरलाने डोकं बाकावर टेकलं. तिचे खांदे हलत होते. शेजारच्या मुलीने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग नववीतली एक मुलगीही रडायला लागली, तेव्हा मला कळलं की त्या वर्गात मरायला बसलेली सरला एकटी नव्हती.

त्याच दुपारी तिने मला सांगितलं, की बाबा कामावर गेले की ती परत खोलीत येऊन आतून कडी लावून पडून राहायची. शाळेत यायचं तर मुलींच्या संडासाला कडी नव्हती आणि पाणीही नव्हतं. ही गोष्ट मी सरांना सांगितली. हो, सरांना सांगितली, खिडकीकडे न बघता. सोमवारी सकाळी मी शाळेत आले तर सर मुलींच्या संडासाच्या दाराशी, हातात पान्हा. नवी कडी बसवली होती आणि ती बाहेरून तीनदा, आतून तीनदा ओढून बघत होते. पाण्याचं पिंप आणून ठेवलं होतं. शिपाईकाका रोज "भरलं" म्हणायचे, तरी सर पट्टी बुडवून बघितल्याशिवाय पुढे जायचे नाहीत, आणि हा नेम त्यांनी शाळा सोडेपर्यंत मोडला नाही. मग हजेरीपट घेऊन ते फाटकाशी जाऊन उभे राहिले. घंटा झाली. प्रार्थना सुरू झाली. रस्त्याच्या वळणावरून सरला धावत आली, दप्तर पोटाशी धरून. सरांनी घड्याळ बघितलं आणि "दोन मिनिटं उशीर!" म्हणून तिच्यावर खेकसले. आणि मागे वळून चष्मा पुसत बसले. हजेरीपटात त्या आठवड्यात एकही लाल खूण नव्हती. ताकीदपत्रांच्या फाइलीत त्यांनी स्वतःच्या हाताने शेरा लिहिला, "चौकशीअंती संशय निराधार." त्यांच्या नोकरीतला तसा तो एकच शेरा.

पालक आले ओरडत, यायचे तेवढे आलेच. सरांनी सगळ्यांना दुग्धमापक दाखवत विज्ञान सांगितलं. त्या काचेच्या नळीचा विषयाशी काय संबंध हे कोणाला कळलं नाही, पण लोक शांत झाले. दर वर्षी पाठ होत राहिले, पहिला पाठ पहिलाच राहिला. सरला दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली आणि परिचारिकेचं शिक्षण घ्यायला गेली. मामाचं स्थळ कोणा दुसरीला मिळालं असेल.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सर निवृत्त झाले आणि पालघरकडे आपल्या गावी राहायला गेले. स्टँडवर पोहोचवायला मी गेले होते. वापीची बस लागली. कंडक्टर होता, ड्रायव्हर होता, खिडकीत माणसं होती. सर कोणाकडेच गेले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, ही वापीलाच जाते ना?"

"जाते, सर."

"मग ठीक," म्हणाले आणि चढले. खिडकीतून हात बाहेर काढून प्रश्नपेटीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "कुलूप ओढून बघत जा," एवढंच सांगितलं.

तिथून मी थेट शाळेत गेले आणि पेटी उघडली. तळाशी एकच जुनी चिठ्ठी होती, घड्यांवर पिवळी पडलेली. उजव्या हाताचं मोत्यासारखं अक्षर, डावीकडे एक बोट समास. "सर, आज निकाल घेऊन जाते. ती चिठ्ठी माझी होती हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?" फलकावर न लावलेल्या त्या प्रश्नाखाली सरांनी लाल शाईने उत्तर लिहिलं होतं: "नाही." खाली रीतसर सही.

मी ती चिठ्ठी घडी करून परत पेटीत ठेवली, कुलूप लावलं आणि तीनदा ओढून बघितलं.